बिनसारंगाची बोट बघायला जाताना

सप्टेंबर २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात कालव्यावर एक छोटी फेरीबोट तीन आठवडे लोकांना फुकट पलीकडे नेत होती. तिचं नाव मिलिअँपिअर २. एका वेळी १२ माणसं बसायची. राव्हन्क्लोआच्या मासळीबाजारापासून समोरच्या काठापर्यंत पाणी जेमतेम शंभरेक मीटर. लिफ्टसारखं बटण दाबावं आणि बोट यावी, अशी त्यामागची कल्पना. काठ सोडणं, वाटेतल्या होड्या चुकवणं, पलीकडे लागणं, सगळं बोट स्वतःच करत होती. सुरक्षेसाठी एक माणूस वर होता, पण तो बोट चालवत नव्हता. नावाचीही एक कथा आहे. २०१५ साली नॉर्वेत विजेवर चालणारी जगातली पहिली मोटारवाहू फेरी सुरू झाली, तिचं नाव अँपिअर. ही तिची चिमुकली बहीण, म्हणून मिलिअँपिअर.

अशी प्रात्यक्षिकं आता बऱ्याच बंदरांत होतात आणि पुष्कळदा लोकांसाठी खुली असतात. शिकायला किंवा नोकरीला युरोपात, जपानमध्ये, अमेरिकेत गेलेली आपली मुलं कुठे ना कुठे अशा धक्क्यावर पोहोचतात. हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे.

माझं लहानपण भाऊचा धक्का ते रेवस या लाँचवर गेलं. लाँच लागताना सगळ्यांची नजर सारंगाकडे, म्हणजे लाँच चालवणाऱ्याकडे असायची. त्याचा हात कुठे आहे, तो मान वळवून काय बघतोय, खलाश्याला काय ओरडतोय, यावरून पाणी कसं आहे ते आम्हां पोरांना कळायचं. बिनसारंगाच्या बोटीत नजर ठेवायला हा चेहराच नसतो. मग नवखा माणूस नुसती बोट बघतो. बोट जाते, येते, लोक टाळ्या वाजवतात, तो दोन फोटो काढून घरी येतो. खरं बघण्यासारखं जे होतं, ते त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेलेलं असतं. म्हणून जाताना मनात एकच प्रश्न ठेवा: या बोटीचा सारंग आत्ता कुठे आहे? काही वेळा तो बोटीतच असतो, काही वेळा पन्नास किलोमीटरवरच्या खोलीत. पुष्कळदा तो सहा महिने आधी संगणकासमोर बसून निघून गेलेला असतो आणि त्याचे निर्णय तेवढे बोटीत उरलेले असतात. पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नाकडे जाते.

पहिली पायरी: ‘स्वायत्त’ म्हणजे किती, ते आधी विचारा

जाहिरातीत ‘स्वायत्त बोट’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अभ्यासासाठी चार पातळ्या मांडल्या आहेत. पहिलीत खलाशी बोटीवरच असतात, यंत्रणा त्यांना मदत करते आणि काही कामं आपोआप होतात. दुसरीत बोट दुरून चालवली जाते, पण माणसं वर असतात. तिसरीत दुरूनच चालवतात आणि वर कुणी नसतं. चौथीत बोट स्वतः ठरवते.

दुरून चालवणं आणि बोटीने स्वतः ठरवणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ साली कोपनहेगन बंदरात स्वित्झर हेर्मोड नावाच्या २८ मीटर लांबीच्या टगने (टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी बोट) धक्का सोडला, स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेतली आणि परत धक्क्याला लागली. कप्तान त्या वेळी किनाऱ्यावर पडद्यांसमोर बसलेला होता. ही दुसरी पातळी, कारण खबरदारी म्हणून टगवरही माणसं होती. बोटीने त्यात काहीच ठरवलं नाही, ठरवलं ते कप्तानानेच. ३ डिसेंबर २०१८ रोजी फिनलंडमध्ये फाल्को या मोटारवाहू फेरीने एकाच दिवशी दोन्ही करून दाखवलं. पारायनेनहून नाउवोला जाताना ती स्वतः गेली आणि स्वतःच धक्क्याला लागली, परतताना तुर्कू शहरातल्या केंद्रातून कप्तानाने ती चालवली. तुम्ही जे बघायला निघाला आहात ते यातलं कुठलं, हे माहितीपत्रकात शोधा. नसेल लिहिलेलं, तर तोच तुमचा पहिला प्रश्न.

दुसरी पायरी: जागा

बहुतेक लोक भाषणांच्या मंचाजवळ उभे राहतात. तिथून बोटीची पाठ दिसते. तुम्ही बोट जिथे लागणार आहे ती जागा शोधा आणि तिच्या बाजूला, शक्य असेल तर थोडं उंचावर उभे राहा. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर चमकणाऱ्या पाण्यात काही दिसत नाही. बोटीच्या कॅमेऱ्यांचीही हीच अडचण असते, तिच्याकडे पुढे येतोच.

बंदराचे अधिकारी अशा चाचणीआधी जहाजांना सूचना देतात: कुठला भाग कधी बंद, कुणी किती अंतर राखायचं. ही सूचना मिळाली तर जरूर वाचा. बंदर त्या वेळात इतर वाहतुकीला बंद ठेवलंय की चालू, हे तीत कळतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये हेलसिंकीत सुओमेनलिना २ ही प्रवासी फेरी दुरून चालवून दाखवली, ती मध्यरात्रीनंतर, प्रवासी नसताना आणि इतर बोटींपासून मोकळ्या ठेवलेल्या पाण्यात. त्यात काही गैर नाही, सुरुवात अशीच करावी. पण मोकळ्या पाण्यातली चाचणी आणि रविवारच्या दुपारी कयाकवाल्या पोरांच्या गर्दीतली चाचणी यांना एका मापाने मोजू नका.

सोबत दुर्बीण घ्या. बोटीवर ७ × ५० ची, म्हणजे सातपट मोठं दाखवणारी दुर्बीण वापरतात, तीच उत्तम. आणखी मोठी घेतली तर हात थरथरून चित्र हलतं. वाऱ्याला अडवणारं जाकीट घ्या, धक्क्यावर गावापेक्षा नेहमीच जास्त गारठा असतो. वही-पेन्सिल घ्या. फोनवर जहाजांच्या जागा दाखवणारं मरीनट्रॅफिकसारखं एखादं ॲप आधीच उतरवून ठेवा.

हे ॲप का, ते सांगतो. मोठी जहाजं आपलं नाव, जागा, वेग, दिशा रेडिओवरून सतत कळवत असतात. या व्यवस्थेला एआयएस म्हणतात. ठरावीक आकारावरच्या जहाजांना ती सक्तीची आहे, छोट्या होड्या, कयाक, शिडाच्या डिंग्या यांना नाही. म्हणून धक्क्यावर पोहोचलात की एक सोपा अभ्यास करा. फोनवर किती बोटी दिसतात ते मोजा, मग डोळ्यांनी किती दिसतात ते मोजा. जी होडी डोळ्यांना दिसते पण फोनवर नाही, तिच्यावर बारीक लक्ष ठेवा. स्वायत्त बोटीची खरी परीक्षा तीच घेणार आहे. जे जहाज स्वतःहून ‘मी इथे आहे’ सांगतं, त्याला चुकवणं सोपं.

तिसरी पायरी: बोटीचे डोळे ओळखा

बोट लागलेली असतानाच तिच्या छपरावर दुर्बीण रोखा. फिरणारी आडवी पट्टी म्हणजे रडार. काळा छोटा डबा, पुष्कळदा गोल, म्हणजे लायडार. तो लेझरचे किरण सोडून आसपासच्या वस्तूंचं अंतर मोजतो. कॅमेरे सहज ओळखू येतात, त्यांतले काही उष्णता बघणारे असतात. उपग्रहांवरून स्वतःची जागा कळण्यासाठी अँटेना असतात, बहुधा दोन, म्हणजे बोटीचं तोंड कुठे आहे तेही कळतं.

इतके डोळे का लागतात? कारण प्रत्येकाचं काहीतरी अधू असतं. रडारला दूरचं जहाज अंधारातही दिसतं, पण अगदी जवळची लाकडी होडी किंवा पोहणाऱ्याचं डोकं ते चुकवू शकतं. लायडार जवळचं बारीक दाखवतो, पण दाट धुकं किंवा जोराचा पाऊस त्याला आंधळा करतो. कॅमेऱ्याला ती बोट आहे की बोया (पाण्यावर तरंगती ठेवलेली खूण), हे ओळखता येतं, पण मावळतीचा सूर्य समोर आला की पाण्यावरच्या चमकीत तो हरवतो. उपग्रहांचा संकेत पुलाखाली अडतो. त्या दिवशी हवा कशी आहे ते बघा, आणि आज यातला कुठला डोळा कमजोर पडणार याचा अंदाज वहीत लिहून ठेवा.

चौथी पायरी: वाट देणं बघा

काठ सोडणं पटकन होतं, त्यात फार अडकू नका. बोट मोकळ्या पाण्यात आली की समुद्रावरचे रस्त्याचे नियम आठवा. १९७२ सालचे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम सगळ्या जगाला लागू आहेत आणि बोटीवर माणूस नाही म्हणून त्यांतून सुटका नाही. यंत्रावर चालणाऱ्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे तिने वाट द्यायची. रात्री हे आणखी सोपं: तुम्हाला तिच्या डाव्या बाजूचा लाल दिवा दिसतोय, तर बहुधा वाट तुम्ही द्यायची आहे.

नवख्याला सहसा कुणी सांगत नाही असा एक भाग या नियमांत आहे. वाट द्यायची ती लवकर आणि ठसठशीतपणे, समोरच्याला सहज दिसेल अशी. एकेक अंश करत चोरपावलांनी वळणं हे वाईट नावाड्याचं लक्षण. चांगला सारंग लांबूनच बोटीचं तोंड एवढं वळवतो की समोरच्याला कळतं, ‘याने मला पाहिलंय.’ स्वायत्त बोटीत नेमकं हेच बघा. समोरच्या होडीतल्या माणसाला तिचा हेतू कळतोय का? तो निवांत बसलाय की उठून उभा राहिलाय? माझ्या मते अख्ख्या प्रात्यक्षिकातलं सगळ्यात खरं उत्तर त्या अनोळखी होडीवाल्याच्या अंगात दिसतं.

कानही उघडे ठेवा. भोंग्याचा एक छोटा आवाज म्हणजे ‘मी उजवीकडे वळतोय’, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे यंत्र उलटं चालवतोय. पाच छोटे आवाज म्हणजे ‘तुझं काय चाललंय ते मला कळत नाही’. दृष्टीने आणि कानाने पहारा ठेवायचा, असं नियमच सांगतो. म्हणून आयोजकांना विचारा: दुसऱ्याने भोंगा वाजवला तर तुमच्या बोटीला तो ऐकू येतो का? बोटीला इतके डोळे लावताना कानांचं काय केलं, हे जरूर विचारण्यासारखं आहे.

पाचवी पायरी: धक्क्याला लागणं

इथे मात्र हलू नका. मी सांगतो म्हणून फोनही खिशात ठेवा. मोकळ्या समुद्रात बोट सरळ नेणं यंत्राला बऱ्याच वर्षांपासून येतं. कठीण आहेत ते शेवटचे वीस मीटर. वेग कमी झाला की सुकाणूची पकड सुटते, वारा बोटीला कुशीवरून ढकलतो, शेजारून गेलेल्या लाँचची लाट धक्क्यावर आपटून परत येते, भरती-ओहोटीचा ओघ खालून ओढतो. रेवसच्या सारंगाला हे सगळं तळपायातून कळायचं. यंत्राला ते मोजून घ्यावं लागतं आणि पुढची-मागची छोटी यंत्रं क्षणाक्षणाला कमीजास्त करत राहावं लागतं.

काय बघायचं? पाण्यावरचा फेस. बोट शांत दिसते पण बाजूंनी पाणी सारखं उसळतंय, म्हणजे ती वाऱ्याशी झगडते आहे. ती धक्क्याला समांतर येते की एक टोक आधी टेकतं? फेंडर, म्हणजे बोट आणि धक्का यांच्यामधली गादी, किती दबतो? एकदा जमलं नाही तर मागे जाऊन पुन्हा येते का? पुन्हा येणं हे कमीपणाचं नाही. आमच्या लाँचचा सारंगही वारा बघून दुसऱ्यांदा यायचा आणि कुणी त्याला नावं ठेवत नसे.

मग दोर. बोट लागली, पण दोर कोण बांधणार? छोट्या फेऱ्या यंत्राचा जोर लावून धक्क्याला टेकून राहू शकतात, मोठ्या जहाजाला दोर हवेतच. जपानमध्ये निप्पॉन फाउंडेशनच्या मेगुरी २०४० या स्वायत्त जहाजांच्या प्रकल्पात जानेवारी २०२२ मध्ये मिकागे हे मालवाहू जहाज त्सुरुगाहून साकाईला नेलं, तेव्हा दोराचं पहिलं टोक धक्क्यावर पोहोचवायला ड्रोन वापरले. त्याच महिन्यात योकोसुका बंदरातून सारुशिमा या छोट्या बेटापर्यंत १.७ किलोमीटर प्रवासी बोट चालवून दाखवली. आकाराने ही चाचणी लहान, पण ज्या बोटीने लोक रोज सहलीला जातात तीच वापरली, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

बोट मध्येच थांबली तर

लोक हसतात, कुणी व्हिडिओ काढतो, ‘बंद पडली’ म्हणतो. तुम्ही घड्याळ बघा. कोड्यात पडल्यावर वेग कमी करून जागेवर उभं राहायचं, हे अशा बोटीला मुद्दाम शिकवलेलं असतं. किती वेळ थांबली, कशामुळे थांबली असावी, पुन्हा स्वतः निघाली की कुणी हात लावला, हे तिन्ही लिहा. एखाद्या बगळ्यासाठी थांबली असेल तर तेही लिहा, बगळा आणि बोया यांतला फरक ओळखणं कॅमेऱ्यासाठी सोपं नसतं. मात्र थांबणं सगळीकडे सुरक्षित नसतं. अरुंद वाटेत मागून मोठं जहाज येत असताना मधोमध उभं राहणं हाच धोका. तेव्हा ती थांबली कुठे, हेही बघा.

तुमची आणि इतरांची सुरक्षा

बोटीत बसायची संधी मिळाली तर जीवरक्षक जाकीट घालून घ्या, मुलांचं आधी, आणि निघण्यापूर्वी दोन गोष्टी शोधा: वर असलेला सुरक्षेचा माणूस आणि तातडीने थांबवायचं लाल बटण. तो माणूस पाण्याकडे बघतोय की पाहुण्यांना माहिती सांगतोय? दोन्ही कामं एकाकडेच असतील तर मला ते आवडत नाही.

तुमची स्वतःची कयाक किंवा होडी असेल तर बोटीची परीक्षा घ्यायला मुद्दाम आडवे जाऊ नका. ही चूक तरुण मुलं करतात. तिच्या यंत्रणेने पाहिलं नाही तर जिवावर बेतेल, आणि पाहिलं तर आत उभी असलेली माणसं अचानकच्या थांब्याने पडतील.

मी हे इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात एलिफंटाला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. तिच्या इंजिनाची चाचणी चालली होती आणि तिचा ताबा सुटला. त्या बोटीवर माणसं होती, स्वायत्ततेचा तिथे काही संबंध नव्हता. पण प्रवाशांनी भरलेल्या बंदरात कुठलीही चाचणी घेताना दोघांमध्ये किती पाणी ठेवायचं, हा प्रश्न तोच आहे. प्रात्यक्षिकाच्या ठिकाणी पहारा देणाऱ्या बोटी किती आहेत आणि कुठे उभ्या आहेत, हे म्हणून मोजा.

सहावी पायरी: प्रश्न कुणाला आणि कोणते

भाषणं संपली की कंपनीच्या अधिकाऱ्यांभोवती गर्दी होते. तुम्ही दोर गुंडाळणाऱ्या, बॅटरी जोडणाऱ्या लोकांकडे जा. ‘नमस्कार, मी पहिल्यांदाच बघतोय’ एवढं म्हटलं तरी ते मनापासून सांगतात.

आकडे ऐकले की उरलेल्या भागाबद्दल विचारा. २०२१ च्या शरद ऋतूत सी मशीन्स या अमेरिकी कंपनीने नेली ब्लाय ही टग डेन्मार्कला वळसा घालून हजार सागरी मैलांहून जास्त नेली. तिच्यावर देखरेख बॉस्टनमध्ये बसलेले नाविक करत होते, टगवरही दोन माणसं होती. प्रवासातला ९६.९ टक्के वेळ टग आपली आपण चालली, असं कंपनीने जाहीर केलं. कामगिरी मोठीच आहे. मला मात्र उरलेल्या ३.१ टक्क्यांत काय घडलं, ते जाणून घ्यायची जास्त ओढ आहे. ते बंदरात शिरताना घडलं की खुल्या समुद्रात? माणसाने ताबा घेतला, की यंत्राने मागितला?

दुसरं, संपर्क तुटला तर बोट काय करते? थांबते, परत येते, की ठरलेल्या जागी जाऊन नांगर टाकते? तिसरं, किनाऱ्यावरचा एक माणूस किती बोटींवर नजर ठेवतो, आणि बोटीने मदत मागितली तर चित्र समजून घ्यायला त्याला किती सेकंद लागतात? चौथं, नट ढिला झाला तर? हा प्रश्न साधा वाटतो, पण मेफ्लॉवर या स्वायत्त बोटीची गोष्ट ऐका. जून २०२१ मध्ये ती इंग्लंडमधल्या प्लिमथहून अटलांटिक पार करायला निघाली आणि यांत्रिक बिघाडामुळे तिला परतावं लागलं. पुढच्या वर्षीही वाटेत बिघाड झाले. एकदा अझोर्स बेटांकडे वळावं लागलं, मग जून २०२२ मध्ये ती कॅनडातल्या हॅलिफॅक्सला पोहोचली. बोटीवर माणूस असता तर तो तेलकट हातांनी जागेवरच काहीतरी जुळवत बसला असता. खलाशी म्हणजे नुसता पहारेकरी नव्हे, तो दुरुस्तीवालाही असतो, आणि त्याची ही अर्धी नोकरी संगणकाने अजून उचललेली नाही.

आपल्या किनाऱ्यावरून बघताना

आपल्याकडेही हे काम चालू आहे. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनीअरिंगची मातंगी ही स्वायत्त बोट ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईहून तुतिकोरिनच्या सुमारे १५०० किलोमीटरच्या सफरीवर निघाली. संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी दिल्लीतून तिला झेंडा दाखवला. उद्या मुंबईच्या बंदरात अशी बोट लोकांसमोर आली, तर मी काय बघेन ते आत्ताच ठरवून ठेवलंय. आपल्या पाण्यात एआयएस नसलेल्या असंख्य होड्या, थर्माकोलच्या तुकड्यांनी खूण केलेली जाळी, खाडीत रोवलेले डोली जाळ्यांचे खुंट, पावसाळ्यात वाहून येणारे ओंडके आणि पंख्यात अडकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात. कोळ्याच्या पोराला पाण्यावरचा थर्माकोलचा तुकडा बघून खाली जाळं आहे हे कळतं. ट्रॉन्डहाइमच्या स्वच्छ कालव्यात शिकलेल्या बोटीला तो कचरा वाटेल. म्हणून इथल्या प्रात्यक्षिकाला मी एखाद्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाला, सोबत घेऊन जाईन आणि बोटीपेक्षा त्याच्या तोंडाकडे जास्त बघेन.

शेवटची पायरी: वही

घरी परतण्याआधी, धक्क्यावर बसूनच लिहा: तारीख, वेळ, वारा कुठून, भरती की ओहोटी, सूर्य कुठे, आसपास किती बोटी आणि त्यांतल्या फोनवर किती, बोट किती वेळा थांबली, धक्क्याला कितव्या प्रयत्नात लागली. आणि सुरक्षेच्या माणसाला जाता जाता विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर: ‘तुम्ही स्वतः ताबा शेवटचा कधी घेतला होता, आणि कशामुळे?’ तो क्षणभर थांबून सांगू लागला की मध्ये बोलू नका. पुढच्या खेपेला वेगळ्या हवेचा दिवस निवडा, वारा असेल तर फारच छान, आणि उभे मात्र त्याच जागी राहा.